सायगावच्या नव्या वर्षाला माझा पायगुण

केतकी पहिलीत असताना तिची शाळेची बस सानपाड्याला हायवेच्या पलीकडे थांबायची. रोज सकाळी मी तिचं मनगट धरायचे, बोटं नाही, बोटं सुटतात. ती रोज कुरकुरायची, "आई, दुखतंय," आणि मी रोज म्हणायचे, "पलीकडे गेलो की सोडते." पलीकडे गेल्यावर ती हात झटकून बसमध्ये चढायची. मागे वळून बघायची नाही.

हीच केतकी आता नवऱ्यासोबत व्हिएतनाममध्ये, हो ची मिन्ह सिटीत राहते. तिथले लोक त्या शहराला अजून सायगावच म्हणतात. जानेवारीत तिचा फोन आला. "सातवा लागलाय मला. इकडचं नवं वर्ष आहे, ऑफिसला सुट्टी. येतेस का आठ दिवस?"

आठच दिवस का, ते मला कळत होतं. तीन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. औक्षणाचं तबक तिने माझ्यापुढे धरलं आणि मी मागे सरकले. "वंदनाताई करतील." वंदनाताई म्हणजे माझी करंजाड्याची नणंद, सवाष्ण. माझे मिस्टर जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मला कोणीही मागे हो म्हटलं नव्हतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, नोकरी केलेली बाई, पण पाय आपोआप मागे गेले. केतकीने तबक वंदनाताईंकडे दिलं. पुढे फोनवर माझी औषधं विचारायची, बाकी काही नाही.

शहाणपण तरीही आलं नव्हतं. निघण्याआधी मी विचारलंच, "ओटी भरायला तिकडे कुणी मराठी सवाष्ण मिळेल का?"

"बघते," म्हणाली आणि फोन ठेवला.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं: व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो. मुंबईहून थेट विमान आहे, पाच-साडेपाच तासांचं. ओटीचं सुकं खोबरं सामानात नेऊ नका, विमानतळावर माझं काढून घेतलं. तिकडे नारळ रस्तोरस्ती मिळतो. आणि या नव्या वर्षाला, म्हणजे तेतला, तीन-चार दिवस बाजार बंद असतो. भाजी, दूध आधीच भरून ठेवा.

जानेवारीतही हवा आपल्या मे महिन्यासारखी होती, अंगाला चिकटणारी. रस्त्यावर स्कूटरींचा लोंढा. मी फुटपाथच्या कडेला गोठून उभी. केतकीने माझं मनगट धरलं. "थांबायचं नाही, पळायचं नाही. एका चालीने चल. ते आपल्याला चुकवतात." खरंच चुकवतात! सात महिन्यांच्या पोटासह ती मला पलीकडे घेऊन गेली.

शाकाहाराला तिकडे 'चाय' म्हणतात. पहिल्या दिवशी हॉटेलातल्या मुलीने विचारलं, "चाय?" मी म्हटलं, "हो, साखर कमी." आली टोफूची गरम वाटी. केतकी इतकी हसली की पोट धरून बसली. तिला हसताना मी किती दिवसांनी पाहत होते!

गल्लीत समोर लान राहते. केतकीची ती 'चि लान'. चि म्हणजे ताई. खाली शिवणकामाचं दुकान, वर घर. वर्ष संपायच्या दिवशी दुपारी ती आली आणि माझ्याकडे बघत केतकीशी बराच वेळ बोलली.

"काय म्हणतेय गं?"

"तुझं जन्मवर्ष विचारत होती. सांगितलं मी. आई, तू म्हैस आहेस."

"काय?"

"अगं, त्यांच्या पंचांगात! दरवर्षाला एक प्राणी. तुझी म्हैस, तिचा कोंबडा आणि उद्यापासून साप. तिघांचं मस्त जमतं म्हणे."

शाळेत मला म्हैस म्हणणाऱ्या मुलींना हे कळायला हवं होतं.

मग केतकीने नीट सांगितलं. नव्या वर्षात घरात पहिलं पाऊल कोणाचं पडतं, त्यावर त्या घराचं वर्ष जातं असं इथे मानतात. आपला पायगुणच की! म्हणून लोक माणूस हेरून बोलावतात. गेल्या वर्षी लानकडे कोणीतरी असंच येऊन टपकलं आणि वर्षभरात दोन मशिनं बंद ठेवायची वेळ आली. यंदा तिला मी हवी होते.

मी केतकीला बाजूला घेतलं. "केतकी, तिला सांग ना."

"काय सांगू?"

"तुला माहितीये."

"मी नाही सांगणार. तुला सांगायचं असेल तर तू सांग." ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जास्तच वाजवायला लागली.

मी फोनमध्ये भाषांतराचं ॲप उघडलं. टाइप केलं: माझे पती वारले आहेत. मी आले तर तुमच्या घराला अशुभ होईल. लानने वाचलं. तिचं हसू गेलं. बोटं उघडून तिने विचारलं, किती वर्षं? मी सहा दाखवली. ती फोनशी बोलली आणि फोनमधली बाई मराठीत म्हणाली, "शोक तीन वर्षे असतो. तुमचा संपला आहे. भांडणारे पाऊल नको. तुम्ही भांडता का?"

मी नाही म्हणून मान हलवली. आतून केतकीचा आवाज आला, "खोटं बोलतेय ती!" मग तेच तिथल्या भाषेत. लान खो खो हसली, पुन्हा फोनशी बोलली.

"प्रिय म्हैस, कृपया सकाळी आठ वाजता या."

सकाळी गल्ली चिडीचूप होती. त्या दिवशी झाडू मारत नाहीत, आलेलं भाग्य झाडलं जातं म्हणून. माझ्या साड्या सगळ्या फिक्या. केतकीने स्वतःची लाल इरकल काढली, वाकता येत नव्हतं तरी निऱ्या धरल्या.

समोरचं दार उघडंच होतं. लान, तिची म्हातारी आई आणि मुलगी ओळीने उभ्या. तरी मी दारावर टकटक केली आणि थांबले. शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय. खरं सांगायचं तर पाय उचलत नव्हता. मागून केतकी हळूच म्हणाली, "एका चालीने, आई."

मी उजवा पाय आत टाकला आणि केतकीने शिकवलेल्या नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या, "चुक मुंग नाम मोइ!" उच्चार चुकला असणार, पण तिघींनी टाळ्या वाजवल्या. चहा झाला, खोबऱ्याच्या साखरेतल्या वड्या झाल्या. मग लानने मला मशिनवर बसवलं, सुईखाली लाल कापड सरकवलं आणि माझ्या पावलाकडे बोट दाखवलं. वर्षाची पहिली शिवण मी मारली. वेडीवाकडी गेली. म्हातारीने तिच्यावरून हात फिरवला आणि कापड घडी करून पैशांच्या गल्ल्यात ठेवलं.

परत येताना गल्लीतच केतकी म्हणाली, "मराठी सवाष्ण मिळाली नाही. खरं तर मी शोधलीच नव्हती."

"बरं केलंस. नारळ आहे ना घरात?"

जावई फोटो काढायला धावले. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ, नारळ, खण घातला. कुंकवाची चिमूट जरा मोठीच झाली होती, तिच्या नाकावर सांडलं. "आई, शिंक येतेय," म्हणाली आणि रडायला लागली. मी पदराने नाक पुसलं. किती तरी वेळ पुसतच होते.

परवा सानपाड्याला परतले. एप्रिलचं तिकीट काढून ठेवलंय. यावेळी तिने दिवस सांगितले नाहीत. लानचं वर्ष कसं जाईल, देव जाणे. इकडे रथसप्तमी उद्यावर आली आहे. वंदनाताईंना आज पाठवलेला निरोप तसाच इथे देते:

"वंदनाताई, उद्याचं हळदीकुंकू यंदा माझ्याकडे. तुम्ही दुपारीच या, हाताशी लागाल. सायगावहून आणलेली कॉफीची छोटी गाळणी वाण म्हणून द्यायची आहेत, दिवाणावर मांडलीत. चौथ्या मजल्यावरच्या देशपांडेबाईंना पहिलं कुंकू. मिस्टर गेल्यापासून त्या हळदीकुंकवाच्या दिवशी दार लावून घेतात, म्हणून वर जाऊन हाताला धरून आणा. मासळीवाल्या पारूबाईंचाही नवरा गेलेला, त्या कुंकवाला 'मना नको गो' म्हणतील. पुन्हा एकदा हसून विचारा, तिसऱ्यांदा नको. वाण मात्र द्याच. सविता कांबळे कुंकू लावत नाही. तिला फूल, तिळगूळ आणि गाळणं. चहालाही चालतं म्हणावं. शेजारच्या कुसुमला दोन, एक तिच्या घरी असलेल्या सासूचं. खिडकीपाशी निळ्या कागदात एक आहे, ते माझं. ते मी आपणहून उचलणार नाही. तुम्ही मला कुंकू लावून हातात द्यायचं."