समोरच्या बाईंची निलगिरी

आमच्या मावला गावातल्या गल्लीत समोरच्या बाईंइतका झाडाचा गर्व कुणाला नसेल, आणि त्या गर्वावर माझ्याइतकं जळलेलंही कुणी नसेल. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी हैदराबादहून निलगिरीचं रोप आणलं, तेही बसमध्ये खिडकीची जागा त्याला देऊन. स्वतः मात्र आमच्या अलीकडच्या इचोडा गावापर्यंत उभ्या. आपल्याला निलगिरी म्हणजे आभाळात घुसलेला खांब माहीत. ही मात्र वाढून बाईंच्या डोक्यापेक्षा हातभर उंच झाली आणि तिथेच थांबली. फांद्या लोंबत्या, कोवळ्या डहाळ्यांवर पिठासारखी पांढरी भुकटी. पाहुणा आला की बाई आधी त्याला झाडाखाली उभा करत. "पाकळ्या शोधून दाखवा," म्हणत. पाकळ्या नसतातच, कळीचं टोपण गळून पडतं आणि आतून गुलाबी तंतूंचा झुबका लोंबतो. एका पाहुण्याला तर टोपण पडेपर्यंत चहा मिळाला नाही. कुणी शिंकलं, की त्याच्या नाकाखाली पान चुरगळलंच म्हणून समजा.

माझ्या अंगणात चौदा प्रकारच्या जास्वंदी. त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहील तर शपथ. माझी बायकोसुद्धा संध्याकाळी समोर. एकदा त्या झाडाची तांबडी साल कुरळी होऊन सुटू लागली. रोग लागला असं वाटून मला मनापासून आनंद झाला, आणि चेहरा पाडून मी सांत्वनाला गेलो. बाई हसल्या. "रोग नाई भाऊ, सालच तशी हाय त्याची. पाहा, खालून कशी हिरवीगार निंगून राह्यली!" घरी येऊन मी जास्वंदींना रागारागाने पाणी घातलं.

गेल्या महिन्यात बाईंचे गुडघे पार गेले. मुलगी त्यांना कायमचं हैदराबादला न्यायला आली. निघताना बाईंनी फाटकाची किल्ली माझ्यापुढे धरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, मी तर या झाडावर जळतो," मी म्हणालो.

"मले का माहीत नाई?" त्या म्हणाल्या. "बाकीचे फुलं आले तवाच पाहातेत. तुमी तं बारा महिने पाहून राह्यले. तुमच्याबिगर कोनाले देऊ?"

आता रोज सकाळी फाटक उघडून पाणी घालतो. जाणारे-येणारे थांबतात, कौतुक करतात, झाड माझंच समजतात. मी प्रत्येकाला सांगतो, बाईंचं आहे. मग कुणी विचारतं, "बाई कधी येनार?" तेव्हा मी पाइप उचलून उगाच दुसऱ्या बाजूला जातो.