दिवस गेले नव्हते

मी एकोणीस वर्षांची होते, मुलगी पाच महिन्यांची. बाळंतपणात रक्त फार गेलं होतं. अंगण झाडतानाही धाप लागायची. पिंपळनेरच्या माहेराहून चोपड्याजवळच्या या गावी येऊन दीड वर्ष झालं होतं, पण मनातलं सांगावं असं इथे कोणी नव्हतं. आईला फोनवर म्हटलं, "इतक्यात दुसरं नको वाटतं." ती म्हणाली, "असं बोलू नये, बाई. गोडीनं राहा."

नवरा वाईट नव्हता. केळीची गाडी भरायची असली की दोन-दोन दिवस घराबाहेर असायचा. मी दोनदा विषय काढला. "आईला काय वाटेल?" एवढंच तो बोलला.

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई आमच्याच भाऊबंदकीतल्या, म्हणून त्यांच्याकडे जायची हिंमत झाली नाही. मुलीच्या लसीचं निमित्त सांगून तालुक्याच्या दवाखान्यात गेले. सिस्टरला विचारलं, "नवऱ्याची सही लागते का?"

"नाही गं, तुझं तू ठरवायचं."

तिनं नीट समजावलं. तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. मूल हवं असलं की थांबवायचं. पाळी मागंपुढं होईल, कदाचित येणारही नाही, तेव्हा घाबरू नको. तिच्याशी बोललेली ती दहा मिनिटं मला कितीतरी दिवस पुरली.

दुसऱ्या इंजेक्शननंतर पाळी थांबली. आमच्या घरी पाळीत चार दिवस चुलीपाशी जात नाहीत, त्यामुळे सासूबाईंना माझ्या तारखा पाठ होत्या. एका सकाळी त्यांनी माझा हात धरला. "दिवस शेतस ना तुले?" मी खाली बघत राहिले. त्यांना वाटलं, लाजले.

त्या दिवसापासून त्यांनी मला हंडा उचलू दिला नाही. भाकरीवर तुपाचा गोळा येऊ लागला. दुपारी मुलीला घेऊन त्या मला "निजी जाय" म्हणायच्या. या घरात माझी इतकी काळजी कोणी घेतली नव्हती. खरं सांगायला हवं होतं. मी आठ दिवस सांगितलं नाही, कारण ते सगळं मला हवंसं वाटत होतं.

मग त्या म्हणाल्या, रविवारी देवीची ओटी भरू, नणंदांनाही कळवू. तेव्हा मात्र धीर सुटला. त्या तूरडाळ निवडत होत्या.

"आई, दिवस नाहीत. मी मूल होऊ नये म्हणून इंजेक्शन घेते."

त्यांचा हात सुपात थांबला. "तुना नवराले ठाऊक शे?"

"नाही."

सूप उचलून त्या मागच्या दारी गेल्या. त्यानंतर महिनाभर फक्त कामापुरतं बोलणं. चहा ठेव, गाय सोड. मुलाला त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. एकाच चुलीपाशी आम्ही दोघी बसायचो आणि मला त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू यायचा.

पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी कोणतं निमित्त सांगावं, या विचारात मी केस विंचरत होते. त्या दारात आल्या. "आज जानं शे ना? पोर मनापाशी ठेव." मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मना पाच बाळंतपनं व्हयनात. दोन पोरं गयात. माले कोनी इचारं नही."

त्यांच्याजवळ जाऊन बसावं असं फार वाटलं. पण तोवर मुलीला कडेवर घेऊन त्या गोठ्याकडे निघाल्या होत्या. मी एकटीच बसस्टँडवर गेले.

नवऱ्याला मीच पुढच्या वर्षी सांगितलं. तो बरेच दिवस घुम्यासारखा वागला, मग निवळला. मुलगी चार वर्षांची झाल्यावर दुसरी मुलगी झाली. त्या खेपेला माझ्या अंगात ताकद होती. सासूबाईंनी तिला पहिल्यांदा न्हाऊ घातलं. इंजेक्शनच्या दिवशी दारात त्या जे बोलल्या होत्या, तो विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मलाही तो कधी काढता आला नाही.