दांडा कुठल्या हाताला

तिला गल्लीत सगळे टेपबाई म्हणत. शिवणकामाची टेप सकाळी केस विंचरून झाले की गळ्यात पडायची, ती झोपायच्या वेळीच उतरायची. भाजी आणायला जाताना टेप गळ्यात, दवाखान्यात टेप गळ्यात. एकदा बँकेतल्या साहेबाने गमतीने विचारलं, "बाई, आमचं माप घ्यायला आलात का?" तर ही शांतपणे म्हणाली, "माप कळलं मला. बेचाळीस. पोटावरचं बटण तेवढं आज घरी गेल्यावर टाकून घ्या, सुटायला आलंय." साहेब त्यानंतर काउंटरच्या आडूनच बोलायचा.

पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन. शाळेचे गणवेश, नर्सबाईंचे कोट, कुणाच्या पँटची उंची कमी करणं, असलं रोजचं काम. कापताना तिची एकच पद्धत. कापड मधोमध दुमडायचं, खडूने अर्धाच माणूस आखायचा आणि कात्री एकदाच चालवायची. उलगडलं की दोन्ही बाजू तयार. "माणूस दुमडूनच कापलेला असतो," हे तिचं आवडतं वाक्य. गिऱ्हाइकाचाही ती एकच दंड मोजायची, एकच बाही. दुसरी मोजायची म्हणजे तिला वेळेची नासाडी वाटे.

मग मुलीचा अपघात झाला.

मुलगी एकुलती एक, पण लाडाने बारकी. दुसऱ्या गावी बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, तिथेच खोली घेऊन राहायची. ओल्या रस्त्यावर तिची स्कूटर घसरली आणि बारकी उजव्या अंगावर पडली. कंबरेचं हाड डॉक्टरांनी जोडलं. उजव्या खांद्याचं मात्र काही खरं नव्हतं. मूठ वळायची, पेन धरता यायचं, पण त्या हातावर भार टाकला की हात सरळ नाही म्हणायचा. तिला घरी आणलं आणि वर्षभर टेपबाईने तिला आंघोळ घातली. बारकी स्टुलावर बसलेली, आई समोर उभी. बादली, तांब्या, साबण. गल्लीतल्या लोकांना घड्याळाची गरज उरली नव्हती. मशीनचा आवाज थांबला की समजायचं, बारकीची आंघोळ चालू आहे.

हळूहळू बारकी चालायला लागली, काठीही सुटली. एके दिवशी जेवताना म्हणाली, "आई, ऑफिसातून फोन होता. ये म्हणतायत. मालकीणबाईंनी खोली अजून कुणाला दिली नाहीये."

टेपबाईचा घास हातातच राहिला. "आणि आंघोळ?"

"तिथे टब आहे ना. व्यायामाच्या बाईंनीच सांगितलंय, कोमट पाण्यात बसलीस तर कंबर मोकळी होईल. मालकीणबाई भिंतीला दांडा बसवून देते म्हणाल्यात. धरून बसायचं, धरून उठायचं."

"आणि उठताना हात सुटला तर? आत कडी, बाहेर कोण?"

बारकीने ताट पुढे सारलं. "आई, मी सत्तावीस वर्षांची आहे. मला एकदा तरी दार लावून आंघोळ करायचीय."

त्यावर टेपबाईने अट घातली. घरची न्हाणी तशीही फोडायचीच होती. आतला पाइप गंजून मशीनमागच्या भिंतीला ओल आली होती आणि दोनदा शाळेचे गणवेश डागाळले होते. तर आता नुसता पाइप न बदलता तिथे टबच बसवायचा. बारकीने इथे, आपल्या घरात, दार लावून एकटीने आंघोळ करून दाखवायची. जमलं तर खुशाल जा. नाही जमलं तर नोकरीचं नाव काढायचं नाही.

"कबूल," बारकी म्हणाली. "पण कडी माझ्या पसंतीची."

नवरा ऐकत होता. तो गाडी शिकवायच्या शाळेत मास्तर. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि वेळ आली की आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा, हे त्याचं आयुष्य. रात्री भांडी पुसता पुसता त्याने विचारलं, "अगं, एवढा खटाटोप तिला पाठवायला चाललाय की ठेवून घ्यायला?"

"तुम्ही आपला ब्रेक सांभाळा," ती म्हणाली.

"माझा ब्रेक फक्त गाडीत असतो. तुला तो सगळीकडे हवा असतो."

 पाठवायला की ठेवून घ्यायला, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

तोडफोड सुरू झाली तशी बारकी मावशीकडे राहायला गेली. टब बघायला चल म्हटलं तर साफ नाही म्हणाली. "चारचौघांत टबात बसून उठून दाखवू? काय सर्कस आहे? तूच बस माझ्याऐवजी. फक्त दवाखान्यासारखं काही आणू नकोस. आणि नळ कोपराने उघडता येईल असा घे."

नळाफरशीच्या दुकानात टब ओळीने मांडून ठेवले होते. दुकानदार बोलका. "हा बघा ताई, याला दार आहे. दार उघडायचं, आत जाऊन बसायचं, दार लावायचं. म्हाताऱ्या माणसांना फार सोयीचा."

"आणि पाणी?"

"पाणी मग सोडायचं. आणि सगळं वाहून गेलं की दार उघडायचं."

"म्हणजे तोवर आत कुडकुडत बसायचं. म्हाताऱ्या माणसांवर एवढा राग का?" तिने टेप काढली. काठाची उंची मोजली, तळाची रुंदी मोजली, मग चपला काढून सरळ आत जाऊन बसली. एक नुकतंच लग्न झालेलं जोडपं टाईल्स बघत होतं, त्यांनी टाईल्स सोडून हिच्याकडेच बघायला सुरुवात केली. ही एका टबातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. तळ हाताने चोळून बघायची, काठावर बसून पाय आत घ्यायची, पाठ टेकायची, उठायची. एकाचा काठ फारच अरुंद, बसलं की टोचतो. एक इतका खोल की ती आत गेल्यावर दुकानदाराला नुसता अंबाडा दिसत होता.

"ताई, आहात ना?"

"आहे. पण यातून बाहेर यायला शिडी द्यावी लागेल."

शेवटी तिला हवा तो सापडला. काठ गुडघ्याच्या जरा खाली आणि बसता येईल इतका रुंद, तळ खरखरीत. दोन्ही टोकं सारखीच उतरती, पाणी जायचं भोक बरोबर मधोमध. दुकानदार म्हणाला, "याची दोन्ही टोकं पाठ टेकायचीच. जागा थोडी फुकट जाते, लोक एका उताराचाच नेतात."

"लोकांचं राहू दे," ती म्हणाली. टबाच्या काठावरून तिने हात फिरवला. दुमडून कापल्यासारखा होता. "हाच."

नळ लांब दांडीचा घेतला, कोपराने ढकलला की सुरू. हातात धरायचा शॉवर घेतला. कडी मात्र बारकीने सांगितली तशी साधी घेतली नाही. आतून लागते, पण बाहेरच्या खाचेत नाणं घालून फिरवलं की उघडते, अशी घेतली. बारकीला फोनवर तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पण मी हाक मारल्याशिवाय नाणं लावायचं नाही."

टब खिडकीपासून दाराच्या दिशेने, लांब भिंतीला लागून बसला. नळ भिंतीच्या मधोमध आला. राहिला दांडा. टाईल्स लावण्याआधी भिंतीत लोखंडी पट्टी पुरायची होती, म्हणजे दांडा माणसाचा भार घेईल. प्लंबरने विचारलं, "ताई, धरायचा दांडा नक्की कुठे? खूण करून द्या."

टेपबाई कोरड्या टबात उतरली आणि डोळे मिटले. वर्षभर रोज समोर दिसलेली बारकी आठवली. स्टुलावर बसलेली, चांगला हात पुढे करून आईचा खांदा धरणारी. तो हात कुठल्या बाजूला असायचा ते तिच्या अंगात भिनलं होतं. या बाजूला. तिने आपला हात उचलला, भिंत त्या हाताला येईल अशी खिडकीकडे पाठ करून बसली आणि खडूने रेघ मारली. मग टेप लावून उंची पाहिली, बोटभर खाली घेतली. "इथे. जराही हलवू नका."

"तुमचं माप म्हणजे काय बघायचं," प्लंबर म्हणाला.

बारकी परत आली तेव्हा न्हाणी चकचकीत झाली होती. फिकट हिरव्या टाईल्स, पांढरा टब, दवाखान्यासारखं काहीही नाही. प्लंबर हत्यारं गोळा करत होता, बाबा दारात उभे होते. बारकी कपड्यांनिशीच काठावर बसली, एकेक पाय आत घेतला आणि खिडकीकडे पाठ टेकली. दांडा उजवीकडे होता. तिने डावा हात उचलला. डावीकडे नुसती मोकळी न्हाणी होती.

 मग बारकीने उजव्या हाताने दांडा धरून उठायचा प्रयत्न केला. खांदा थरथरला आणि ती परत खाली बसली.

"आई," ती म्हणाली, "हा दांडा कुणासाठी?"

टेपबाईने आपला उजवा हात वर केला, मग बारकीच्या डाव्या हाताकडे पाहिलं. समोरासमोर दोन्ही हात एकाच बाजूला होते. सगळं वर्ष ती बारकीला समोरूनच बघत आली होती. टबात स्वतः बसताना तो हात तसाच उचलला गेला होता, आरशातल्यासारखा. कापडाला काही फरक पडला नसता.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. पण त्याच क्षणी आपल्याला हायसं वाटलं, तेही तिला कळलं. जमलं नाही. बारकीला जाता येणार नाही. दांडा उलटा लागला, त्याला कोण काय करणार? इतकं सोपं होतं.

बारकी आईचा चेहरा बघत होती. "मग झालं तर. सुटलीस ना? कळवू ऑफिसात?"

"बारके," बाबा म्हणाले.

"नाही बाबा, अट होती. नाही जमलं मला."

टेपबाईला ते वाक्य सहन झालं नाही. जमलं नव्हतं ते आईला, आणि नावावर घेत होती पोर. "गप्प बस," ती म्हणाली. "ऊठ. म्हणजे उठू नकोस, मी हात देते. आता दाराकडे पाठ करून बस."

बारकी वळून बसली. टब दोन्हीकडून सारखाच, पाठ तितकीच छान टेकली. भिंत आता डाव्या हाताला आली आणि लांब दांडीचा नळही. फक्त दांडा पार पायांपाशी गेला होता.

"भाऊ," टेपबाई प्लंबरला म्हणाली, "पिशवी खाली ठेवा. इथे दुसरा दांडा."

प्लंबरने कपाळाला हात लावला. "ताई, आत पट्टी नाहीये तिथे. टाईल फोडावी लागेल. चार तरी जातील. आणि या रंगाचा माल संपलाय, मी आणला तेव्हाच शेवटची पेटी होती."

"फोडा."

"नव्या भिंतीला ठिगळ दिसेल."

"ठिगळांचं तुम्ही मला सांगू नका." तिने गळ्यातली टेप काढली, पण या वेळी स्वतः टबात उतरली नाही. "बारके, हात वर कर. जरा खाली. उठताना जिथे जोर लागेल तिथे. तुझ्या बोटाने खूण कर." बारकीने बोट टेकवलं, आईने तिथेच रेघ मारली. माप घेतलंच नाही. टेप नुसती हातात राहिली.

दुकानदाराने जवळपासच्या हिरव्या रंगाच्या टाईल्स काढून दाखवल्या. तिने गडद पिवळ्या घेतल्या. "जवळचा रंग लावला की चूक दिसते," ती म्हणाली, "वेगळाच लावला की हौस दिसते." बाबा म्हणाले, मग आपल्या घरात हौसेला काही तोटा नाही. पहिल्या दांड्यावर बारकीने टॉवेल टाकला.

सिमेंट वाळलं त्या सकाळी टब भरायला लावला. बारकी आत गेली, दार लागलं, कडी सरकल्याचा आवाज आला. टेपबाई मशीनवर येऊन बसली. नाणं तिने मशीनच्या फळीवर, बॉबिनच्या शेजारी ठेवलं होतं. शाळेचा एक शर्ट घेतला, बाही लावायला सुरुवात केली. आतून नळ बंद झाला. पाण्याचा आवाज नाही, काहीच नाही. तिचा पाय आपोआप थांबला. ती उठली, दोन पावलं दाराकडे गेली. नाणं हातात होतं.

"आई!" आतून आवाज आला.

"काय गं? आले, आले!"

"येऊ नकोस! मशीन चालू ठेव. मशीन थांबलं की मला कळतं, तू दाराशी आहेस. मग मलाच भीती वाटते."

टेपबाई परत येऊन बसली. शर्टाला हात लावायचं धाडस झालं नाही, बाही नक्की वाकडी बसली असती. तिने टोपलीतली एक चिंधी ओढली, सुईखाली सरकवली आणि पाय मारायला लागली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ शिवण. तिथून परत. चिंधी संपली तशी दुसरी जोडली.

बऱ्याच वेळाने कडी सरकली. बारकी ओल्या केसांनी दारात उभी होती, डाव्या हाताने चौकट धरून. मशीनमधून जमिनीपर्यंत लोंबणारा रंगीबेरंगी पट्टा तिने पाहिला.

"हे कुणाचं शिवलंस एवढं?"

"तुझंच," टेपबाई म्हणाली आणि दाताने दोरा तोडला. "केस पूस आधी. आणि मालकीणबाईंना सांग, दांडा लावायच्या आधी तुला स्वतःला बसवून बघा म्हणावं."