मंजुश्रीला कळवलं नाही

देगलूरच्या गुरुपादप्पांची मंजुश्री लातूरला वसतिगृहात राहून बारावी करत होती. जीवशास्त्राच्या पेपरच्या आदल्या दिवशी तिची आई, नीलम्मा, छातीत कळ येऊन वारली. गुरुपादप्पांनी वसतिगृहाच्या बाईंना फोन केला, "पेपर होऊ द्या. तोवर तिला काही बोलू नका."

पेपर चांगला गेला. मंजुश्री हसत बाहेर आली, तर फाटकाशी राजशेखरकाका उभे. "अव्वाला बरं न्हाई," आईबद्दल एवढंच म्हणाले. घरी पोचली तेव्हा बायका दाटीनं बसलेल्या. नीलम्माला सकाळीच लिंगायत रीतीनं, बसवून, समाधी दिली होती.

"पेपर कसा गेला, बाई?" वडिलांनी विचारलं.

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

नीटच्या तयारीला ती लातूरला परतली. तिथं कळलं, खोलीतल्या तनुजाला सगळं ठाऊक होतं; पेपरच्या सकाळी मंजुश्रीची वेणी तिनंच घातली होती. मंजुश्रीनं तिला असं मारलं की ओठ फाटला. वसतिगृहानं मंजुश्रीला घरी धाडलं.

नीटच्या दिवशी ती हट्टानं एकटीच लातूरच्या एसटीत बसली आणि वाटेत मुखेडलाच उतरली. दुपारी काकांना फोन केला, "मी परीक्षेला गेले न्हाई." आले मात्र वडील. स्टँडच्या बाकड्यावर शेजारी बसले.

"तुझ्या अव्वाची लई इच्छा होती, तू डॉक्टर..."

"तिचं सांगू नका. मला तिचं तोंडबी बघू दिलं न्हाई तुम्ही."

 ते म्हणाले, "मला भ्याव वाटलं. तू समोर रडली असतीस, तर मला उभं राहता आलं नसतं. पेपरचं निमित्त झालं."

"कोणतं लुगडं नेसवलं होतं?"

"हिरवं. उदगीरच्या लग्नातलं. कपाळाला इभूत लावली, हातात इष्टलिंग दिलं, समाधीत बसवलं. मान कलत होती. मीच धरली." सांगता सांगता त्यांना हुंदका आला. स्टँडवरचे लोक वळून पाहू लागले. मंजुश्रीनं त्यांना धरलं नाही, पण उठूनही गेली नाही.

आता ती देगलूरलाच बी.एस्सी. करते. तनुजाला फोन करून माफी मागितली. तनुजानं ऐकून घेतलं, पण नंतर कधी फोन उचलला नाही. वडिलांना ती जेवायला वाढते, लागेल तेवढं बोलते. "माफ केलंस का?" असं काकांनी एकदा विचारलं.

"अजून न्हाई," ती म्हणाली.