बाबांची तुरटी आणि तियागोची वाइन

आमच्या घराण्यात टक्कल आणि संशय या दोन गोष्टी वारशाने मिळतात. टकलात मी अजून बाबांच्या मागे आहे. संशयात मात्र शाळेत असतानाच त्यांच्या पुढे गेलो. त्यात माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टरची. म्हणजे दुसऱ्याने नीट केलेल्या कामात काहीतरी चुकलेलं असणारच, असं धरून चालण्याचा मला पगार मिळतो! (घरी हेच काम मी फुकट करतो.)

तर दोन हजार पाच-सहाचा सुमार. आम्ही लंडनजवळ पिनरला राहत होतो आणि बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. अशात कार्डिफला मातीच्या विषयात पीएच.डी. करणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने, मंजिरीने, फोनवर जाहीर केलं, "दादा, शनिवारी तियागोला घेऊन येतेय. आम्हाला लग्न करायचंय. बाबांना भेटवते."

"करतो काय हा?"

"वाइन बनवतो. पोर्तुगालमध्ये त्यांचा छोटासा द्राक्षमळा आहे. टोटली नॅचरल! तो त्यात काहीच घालत नाही."

"काहीच म्हणजे?"

"काहीच म्हणजे काहीच नाही, दादा. द्राक्षं, बस्स!"

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. लहानपणी आमचा दूधवालाही अगदी याच शब्दांत सांगायचा! मी लगेच इंटरनेटवर त्या मळ्याचं नाव शोधलं. बराच वेळ गरगर फिरून पडद्यावर एका मेंढीचा फोटो उमटला. द्राक्षं नाहीत, माणूस नाही, फक्त मेंढी!

बाबांना सांगितलं. बाबा नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निवृत्त झालेले. आयुष्यभर शहराचं पाणी चाखून पाहिलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, "मुलगा कुठलाही असू दे. खोटा नको." मंजिरीचं लग्न त्या एका वाक्यावर लटकलं होतं, आणि खोटेपणा शोधण्याची जबाबदारी मी आपणहून स्वतःच्या शिरावर घेतली.

शनिवारी सकाळी तियागो आला. उंच, सडपातळ, हाताला शेतकऱ्यासारख्या भेगा. त्याने बाबांना वाकून नमस्कार केला (हे शिकवलेलं होतं, मी ओळखलं) आणि दोन बाटल्या पुढे केल्या. बाटल्यांवर लेबल नव्हतं. तोंडाला मेण लावलेलं. माझी पत्नी स्वाती पोहे वाढत होती, तेवढ्यात मी चौकशी सुरू केली. आम्हा दोघांचंही इंग्रजी जपून बोलण्यातलं, त्यामुळे प्रश्नोत्तरं कोर्टात चालतात तशी चालली.

"फवारणी करता?"

"नाही."

"मग तण?"

"मेंढ्या खातात." (फोटोचा उलगडा झाला. माझं समाधान झालं नाही.)

"रस काढायला मशीन कुठलं?"

"पाय."

"कोणाचे?"

"माझे. आईचे. शेजाऱ्यांचे."

"धुता ना?"

"दादा!!" मंजिरी किंचाळली.

"बरं, गाळता तरी कशाने?"

"गाळत नाही," तियागो अभिमानाने म्हणाला.

गाळत नाही! अहो, आपण पाहुण्याला चहासुद्धा गाळून देतो! मी बाबांकडे पाहिलं. बाबा शांतपणे पोह्यांतले दाणे वेचून खात होते.

एक बाटली संध्याकाळी जेवताना उघडायची असं ठरलं आणि मंडळी बाबांना घेऊन फिरायला बाहेर पडली. मी "ऑफिसचं काम आहे" म्हणून मागे राहिलो. दार लागताक्षणी बाटली उघडली. जुलै महिन्यात पुण्याच्या नळाला येतं, तस्सं गढूळ! मला मनातून आनंद झाला. पुरावा सापडला होता. आता तो फक्त वेगळा काढायचा होता.

आणि आमच्या घरात गढूळ म्हटलं की एकच औषध. बाबा दाढीनंतर गालावर फिरवायला तुरटीचा खडा पुण्याहून घेऊन आले होते. तो मी बाथरूममधून आणला, वाइन स्टीलच्या पातेल्यात ओतली आणि लहानपणी हंड्यात फिरवायचो तसा खडा चार वेळा फिरवला. मग मनाच्या समाधानासाठी आणखी आठ वेळा. तीन तासांनी पाहतो तर वर सोन्यासारखं नितळ आणि खाली बोटभर गाळ! नितळ वाइन मी काचेच्या जगात ओतली, गाळ एका वाटीत काढला आणि मुद्देमाल म्हणून कढीपत्त्याच्या कुंडीमागे लपवला.

संध्याकाळी पाचला सगळे टेबलाभोवती बसले. जग पाहून तियागो गोंधळला. "ही... माझी वाइन?"

"तुमचीच," मी म्हणालो. "आधीच उघडून ठेवली."

त्याने घोट घेतला. चेहरा आक्रसला. दुसरा घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. मग बाबांकडे वळून हळूच म्हणाला, "सर, आय ॲम सॉरी. धिस इज बॅड. प्लीज डोन्ट ड्रिंक."

मी विजयी मुद्रेने वाटी आणली. "बघा बाबा! हे निघालं त्यातून!"

पण तियागोने वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. "पिपंच बिघडली असणार," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "आईला फोन करतो. एकही बाटली बाहेर जायला नको." त्याने खिशातून परदेशी फोन लावायचं कॉलिंग कार्ड काढलं. वर्षभराची मेहनत होती त्याची. मंजिरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. पण मी वाटी पुढे धरून तसाच उभा राहिलो, आणि मी तर वाइन चाखलीही नव्हती!

तेवढ्यात बाबांनी, ज्यांनी जन्मात दारूला स्पर्श केला नव्हता, जगात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले.

"सुधीर," ते म्हणाले, "माझी दाढीची तुरटी कुठंय?"

"दाढीची?!" स्वाती ओरडली. (तिचा अर्धा ग्लास पिऊन झाला होता.)

तुरटी माझ्या खिशात होती. ती मी टेबलावर ठेवली. खिसा ओला होता आणि मीही घामाने भिजलो होतो.

मंजिरीने तियागोला सगळं समजावलं. त्याने तुरटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तुरटीकडे पाहिलं. मग दुसरी बाटली आणून बाबांसमोर उघडली. बाबांनी पुन्हा बोट बुडवलं.

"गढूळ आहे," ते म्हणाले, "पण यात खरंच कोणी काही घातलेलं नाही." मग माझ्याकडे वळले. "आपला माल बिघडलाय असं वाटल्याबरोबर या मुलाने होणाऱ्या सासऱ्यासमोर तोंडाने कबूल केलं. आणि तू तुरटी खिशात घालून गप्प बसलास. खोटा कोण, ते मला कळलं. शिवाय डोस तिप्पट घातलास. माझा मुलगा असून!"

कुठल्या गोष्टीची जास्त लाज वाटावी, हे मला ठरवता येईना.

लग्न पुढच्या उन्हाळ्यात त्याच मळ्यात झालं. आता दरवर्षी द्राक्षं तोडायला आम्ही जातो. सगळ्यांना हौदात उतरून द्राक्षं तुडवता येतात. मला मेंढ्यांकडे पाठवतात.

मंजिरीची मुलगी साडेतीन वर्षांची झालीय. केस दाट आहेत, आईवर गेलेत. मराठी मोडकंतोडकं आहे. पण मागच्या खेपेला गाडीतून उतरलो, तर ती फाटकाशी दोन्ही हात आडवे करून उभी.

"मामा," ती म्हणाली, "फर्स्ट खिसा दाखव."

टक्कल तिला चुकलं. दुसरं काही चुकलेलं नाही!