सोळा नावं आणि मी

दोन हजार तेवीस साल होतं, मला अडुसष्टावं लागलं होतं. शाळा मी पाचवीतच सोडली. ही अक्षरं आईनं घरी ओरडून ओरडून शिकवली, म्हणून हे मराठीत लिहितो आहे. आमच्या तंजावरात ही अक्षरं वाचणारे फार नाहीत, ते या बाबतीत बरंच आहे.

आमचा हॉकीचा क्लब मी काढलेला. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवता चालवता काढला. त्यामुळं पोंगलच्या सुट्टीत ओरत्तनाडूला सामने असले की सोळा नावं मीच द्यायची, आणि त्यात माझं असायचंच. फुलबॅक, म्हणजे मागं गोलाजवळ राखण करणारा. शेवटची पाच-सात मिनिटं मला उतरवायचे. लोक हसत असतील असं कधी मनात आलं नाही. या वयात पळतो म्हणून कौतुकानं बघतात, असंच धरून चाललो होतो.

त्या वर्षी पापनाशमकडून एक पोरगा सरावाला यायला लागला. कोवळा, काटकुळा, तमिळ घरातला. पहिल्याच दिवशी आमच्या तिघांना चकवून त्यानं गोल मारला. मी उभा होतो त्या बाजूनं मात्र तो एकदाही आला नाही. मला वाटलं, घाबरला.

सामने बघायला खेळाडूंच्या हॉस्टेलचा कोच येणार होता. त्याच्या नजरेत भरला तर पोराच्या राहण्या-जेवणाची आणि शिक्षणाची सोय होणार होती. म्हणजे त्याला खेळवायलाच हवं. पण सोळा जागा भरलेल्या, आणि सगळे आपलेच. भाचे, पुतणे, दुकानातला जुना माणूस. संध्याकाळी सराव संपल्यावर मी सगळ्यांना कालव्याच्या बांधावर बसवलं.

"एकाला बसावं लागेल," मी म्हणालो. "कोण बसतो, बोला."

सगळे पाण्याकडं बघत राहिले. मग माझ्या बहिणीचा मुलगा, आमचा सगळ्यांत चांगला हाफ, म्हणाला, "मामा, मीच बसतो. परवापासून गुडघा धरलाय." पँट वर करून त्यानं बँडेज दाखवलं.

"तू नसलास तर मधे कोण सांभाळणार?"

"मागं तुम्ही आहात की."

कोणीतरी खोकलं. मी त्याला म्हटलं, सुंठ घे. आणि भाच्याला म्हटलं, बरं, बस तू, उद्या जाऊन नावं देतो.

घरी आलो, तरी त्याचा गुडघा काही डोक्यातून जाईना. एरंडेल गरम करून बाटलीत भरलं आणि दिवेलागणीला त्याच्याकडं गेलो. स्वतः चोळून द्यावं म्हणून. दार उघडंच होतं. भाचा जमिनीवर मांडी घालून रसमभात जेवत होता. मोठं माणूस दारात दिसलं की असशील तसा उठून उभा राहा, ही आमच्या घरची रीत. एकेकाला रागावून मीच लावलेली. मला बघितल्याबरोबर तो उठला. हात न टेकता, सरळ, एका झटक्यात.

उठला आणि मग त्याच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. दोघांनी बँडेजकडं बघितलं. त्याची बायको गॅसकडं तोंड करून उभी राहिली.

"दुखत नाही वाटतं," मी म्हणालो.

"मामा, बसा ना आधी."

"दुखतं का नाही?"

"नाही."

"मग?"

उष्टा हात तसाच धरून तो उभा होता. "तुम्हाला बसा म्हणून कोण सांगणार? त्यापेक्षा माझा गुडघा सोपा."

बायको तिकडूनच म्हणाली, "गेल्या पोंगलला धाकट्या भाऊजींना कावीळ झाली होती, मामा. त्याच आठवड्यात इथं बसून मटण खाऊन गेले."

"तू गप गं," भाचा म्हणाला.

"बोलू दे तिला. अजून कोण?"

ते त्यानं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "त्या पोरालाही तुमच्या अंगावर जाऊ नको म्हणून मीच सांगितलंय. त्याला बोलू नका."

खोटं बोललास म्हणून रागवायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. त्या काविळीला मी ऊस आणि संत्री घेऊन गेलो होतो. उशाशी बसून पथ्यं सांगितली होती. तो डोळे मिटून पडला होता, मला वाटलं अशक्तपणा. माणसं माझ्यापायी आजारी पडत होती, आणि मी त्यांच्या तब्येतीची चौकशी करत फिरत होतो. "जेव," एवढंच म्हटलं आणि बाटली तिथंच ठेवून निघालो. रस्त्यात दोघातिघांनी वणक्कम घातला. मी मान वर केली नाही.

सकाळी मैदानावर सगळे जमले तेव्हा मी उभ्याउभ्याच सांगितलं, "मी बसतोय. भाचा खेळेल, हा पोरगाही खेळेल." आणि थांबलो. खरं सांगायचं तर, कोणीतरी "असं कसं, मामा" म्हणेल म्हणून थांबलो. कोणीच म्हणालं नाही. भाच्यानं चेंडू मधे टाकला, सगळे पळायला लागले. मी स्टँडवर जाऊन ओरत्तनाडूची बस धरली आणि सोळा नावं देऊन आलो.