आधी बसायचं

आमच्या शाळेत दुपारी गमबूट उलटे करून झटकायची पद्धत आहे. मुलं घरी गेली की मी आणि अनघाताई ओट्यावर बसून एकेक बूट झटकतो. त्यातून माती निघते, चिंचोके निघतात, एखादी गोगलगाय निघते आणि हमखास एखादा किस्सा निघतो. "आज धैर्यच्या बुटात भात कसा?" असं कुणीतरी विचारतं आणि घरी जायची वेळ टळून जाते. मैत्रिणी म्हणतात, लिहून काढ. लिहिलं की अर्धी मजा जाते, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही. तेव्हा ऐका.

*

शाळा म्हणजे भाईंदरजवळच्या राई गावात खाडीच्या अंगाला असलेलं एक बैठं घर. पुढे मोकळं अंगण, त्यात एक चिंच, एक जांभूळ आणि कुंपणापलीकडे नव्या बिल्डिंगांच्या गच्च्या. अनघाताई नवऱ्याच्या नोकरीपायी काही वर्षं डेन्मार्कमध्ये होत्या. तिकडची लहान मुलं दिवसच्या दिवस बाहेर झाडाझुडपांत असतात, लिहायची घाई त्यांना कुणी करत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि तेच डोक्यात घेऊन परत आल्या. मी तेव्हा भाईंदर पूर्वेच्या एका मोठ्या शाळेत घंटेच्या तालावर उठबस करत होते. त्यांनी विचारलं, "येतेस?" आणि मी गेले.

घर हिराबायचं. मासेमारी करणाऱ्या घरातली म्हातारी, राईतच जन्मली आणि राईतच राहिली. पहिल्या दिवशी सगळी पोरं अंगणात पसरलेली पाहून तिने कमरेवर हात ठेवले. "काय गो बाय, पोरांना शालेत घालतान का शालेभायेर काढतान?"

अनघाताईंनी तिला अख्खं डेन्मार्क समजावून सांगितलं. हिराबायने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमची पोरां पन अशीच भायेर असत. तवा मास्तर त्यांना मारीत."

*

तिकडे थंडीत मुलं शेकोटीभोवती बसतात आणि काठीला कणीक गुंडाळून भाजतात. अनघाताईंनी हा कार्यक्रम ऑक्टोबरच्या उकाड्यात ठेवला. लाकडं पेटली तशी मुलं एकेक पाऊल मागे सरकू लागली. गोल मोठा होत होत कुंपणाला टेकला आणि मध्ये शेकोटी एकटीच जळत राहिली.

हिराबायला ते काही पाहवेना. "इस्तव फुकट घालवू न्हाय," असं आगीकडे बघून म्हणत तिने घरातून सुके बोंबील आणले आणि निखाऱ्यावर टाकले. वास अंगणभर झाला. आमचा धैर्य गुजराती घरातला, असलं काही त्याने जन्मात हुंगलेलं नव्हतं. तो डोळे मिटून, नाक वर करून बराच वेळ उभा राहिला आणि मग आदराने म्हणाला, "बाय, ये कौन सा लकडा है?"

त्या दिवसापासून आमच्या शेकोटीवर फक्त रताळी भाजली जातात.

*

आता आमच्या बसण्याबद्दल. प्रत्येक मुलाची अंगणात स्वतःची एक जागा असते. ती त्यानेच निवडायची. कुणाची पायरी, कुणाचा दगड, कुणाची उलटी ठेवलेली बादली. सकाळी आलं की आपापल्या जागी जाऊन गप्प बसायचं. मग सगळ्यांनी चिंचेखाली जमायचं आणि प्रत्येकाने सांगायचं की आज काय ऐकलं. तोवर कुणी कुणाला काही विचारायचं नाही. पाहुण्यांनीसुद्धा नाही. मुलं हा नियम एका दमात सांगतात: आधी बसायचं, मग बोलायचं.

खरं सांगू, दिवसातला तो वेळ मला सगळ्यात प्रिय आहे. खाडीवरून खारा वारा येतो, चिंचेचा पाला अंगावर पडत राहतो, दूर कुठेतरी सिमेंटचा मिक्सर फिरत असतो आणि तोसुद्धा त्या वेळी झोपेत बोलल्यासारखा वाटतो.

*

एकदा शिक्षणावर भाषणं देणारे एक गृहस्थ शाळा बघायला आले. सोबत लॅपटॉप, पन्नास प्रश्न. मुलांनी त्यांना जांभळाखालची रिकामी जागा दाखवली. गृहस्थ हसत हसत बसले, खोडाला टेकले आणि झोपले. साधी डुलकी नव्हे, गाढ झोप.

आता आली का पंचाईत? बसलेल्या माणसाला उठवायचं नाही, हाही नियमच. मुलांनी चिंचेखाली दबक्या आवाजात गोल केला, दबक्या आवाजात डबे खाल्ले, पाहुण्यांना वळसा घालून लंगडी खेळली. शाळा सुटायच्या वेळी ते जागे झाले. कपाळावर जांभळाचं पान चिकटलेलं. म्हणाले, "मी कित्येक महिन्यांत असा झोपलो नव्हतो हो." आणि एकही प्रश्न न विचारता गेले.

त्या दिवशी वेदने ऐकलेली गोष्ट होती, "पाहुण्यांचं घोरणं. आधी मोठं होतं, मग बारीक झालं, मग चिंचेत गेलं."

*

वेद म्हणजे आमचा सहा वर्षांचा ध्यानस्थ मुनी. जेसल पार्कला राहतो. आई रुपाली अंधेरीला ऑफिसात, बाबाही नोकरीत, घरात आजोबा. मंडळी गिरगावातून इकडे आलेली. रुपाली रोज संध्याकाळी दारातच विचारायची, "आज काय शिकलास?"

"बसलो."

दुसऱ्या दिवशीही, "बसलो."

तिसऱ्या दिवशी तिने आवाज चढवला, तेव्हा वेदने थोडा विचार केला आणि म्हणाला, "आज नीट बसलो."

आतून आजोबा म्हणाले, "अगं, मला हे जमायला रिटायर व्हावं लागलं."

रुपालीने हे मला हसत सांगितलं, पण ते हसू काही खरं नव्हतं. "ताई, माझ्या जावेचा मुलगा वेदच्याच वयाचा आहे. तो स्पेलिंग लिहितोय, पाढे म्हणतोय. आमचा हा अजून काठीने चिखलात रेघा मारतोय. मला तुमचं सगळं पटतं हो. पण उद्या हा मागे पडला तर मी स्वतःला काय सांगू? दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर दुसरीकडे घालते."

मुलांचं आपापल्या वेळी होतं, हे मला ठाऊक आहे. पण ते वेदच्याही बाबतीत होईलच, अशी हमी मी कुठल्या तोंडाने देऊ? चूक तिची नव्हती. आई होती ती.

*

मग खाडीचा दिवस उजाडला. आम्ही मुलांना ओहोटीला काठावर नेतो. चिखलात कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं असतात, पलीकडे तिवरं आणि त्यांच्यावर पांढरे बगळे. ऊन पाण्यावर पडलं की सगळं काही अर्धवट झोपेतलं वाटतं. सगळी मुलं परत फिरली, वेद मात्र एका बिळापाशी उकिडवा बसून राहिला.

नेमकी त्या दिवशी रुपाली लवकर सुटून त्याला न्यायला आली होती. ऑफिसचे सँडल, खांद्याला पर्स. तिने काठावरूनच हाक मारली, "वेद, चल."

"थांब आई. ती आत्ताच घरात गेलीये. बाहेर आली की निघू."

रुपाली थांबली. कुर्ली आली नाही. आईने दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. भरती चढायला लागली, तसं शेवटी मी त्याला उचलून आणलं. तो माझ्या खांद्यावरून त्या बिळाकडे बघत होता आणि रुपाली त्याच्याकडे. "सगळं जग पुढे धावतंय," ती म्हणाली, "आणि माझा मुलगा कुर्लीची वाट बघतोय." तिचे डोळे भरून आले होते.

त्याच आठवड्यात तिने एका मोठ्या शाळेत वेदचा इंटरव्ह्यू ठरवला.

*

शाळा सोडणाऱ्या मुलाचे गमबूट आमच्याकडे राहतात, पुढच्या कुणाला तरी होतात. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी वेदने आपले पिवळे गमबूट नळाखाली घासून घासून धुतले. कुणी सांगितलं नव्हतं. बूट तसे त्याला घट्ट व्हायला लागले होते, चालताना करकर वाजायचे. ते त्याने फळीवर ठेवले आणि विचारलं, "ताई, हे धैर्यच्या बहिणीला होतील का?"

मी हो म्हटलं आणि आत जाऊन रडले. अनघाताई तिथे आधीच रडत होत्या.

*

दोन दिवसांनी सकाळी रुपाली वेदला घेऊन आली. वेद सरळ फळीकडे गेला, पिवळे बूट चढवले आणि करकर करत चिंचेखालच्या आपल्या जागी जाऊन बसला. मी रुपालीला ओट्याशी गाठलं. ती हळू आवाजात सांगू लागली.

इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडम एसी केबिनमध्ये, समोर हे तिघं. मॅडमनी गोड हसून विचारलं, "बेटा, व्हॉट इज युअर नेम?"

वेद खुर्चीवर चढला, मांडी घातली आणि म्हणाला, "पहले बैठने का. फिर बोलने का."

"मला धरणी दुभंगावी असं झालं," रुपाली म्हणाली. "हे खाली बघायला लागले. मी त्याला चिमटा काढणार, तेवढ्यात मॅडमनी पेन खाली ठेवलं. आणि ताई, त्या बसल्या. खरंच गप्प बसल्या. मग आम्हीही बसलो. काय करणार?"

"मग?"

"मग बऱ्याच वेळाने यानेच विचारलं, 'आपने क्या सुना?' मॅडम वर एसीकडे बघत होत्या. म्हणाल्या, 'इसके पीछे कबूतर के बच्चे हैं. मुझे पता ही नहीं था.' मग त्यांनी मला विचारलं, 'और आपने?' मला काहीच सांगता येईना. मी सगळा वेळ हाच विचार करत होते की आता हा नापास होणार."

"आणि झाला का?"

"नाही ना. ॲडमिशन मिळालीये त्याला."

नियम, बसणं, सगळं विसरून मी मोठ्याने विचारलं, "मग आता काय ठरवलंत?"

चिंचेखालून वेदचा आवाज आला. "ताई, आधी बसायचं."

रुपालीने माझ्याकडे पाहिलं, पर्स माझ्या हातात दिली आणि सँडल काढले. "माझी जागा कुठली?"

हिराबाय दारात लसूण सोलत होती. "ती जांभलीखालची रिकामी हाय," ती म्हणाली. "पन निजू नको."

रुपाली बसली. आम्ही सगळेच बसलो. वारा आला, पाला पडला, मिक्सर झोपेत बोलला. मग सगळे चिंचेखाली जमलो. कुणी भारद्वाज ऐकला होता, कुणी कुकरची शिटी. शेवटी वेद आईकडे वळला. "आई, तू काय ऐकलंस?"

"तुझे बूट," रुपाली म्हणाली. "पाय हलवलास की करकर वाजत होते. ते देऊन टाक धैर्यच्या बहिणीला. संध्याकाळी आपण नवे गमबूट आणू."